बिश्केकला परत जायचे की नाही? एका वैद्यकीय विद्यार्थिनीचे प्रकरण

प्रश्न जून २०२४ मधला आहे. उदगीर तालुक्यातली एक मुलगी किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक इथे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. मे महिन्यात त्या शहरात जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले, वर्ग ऑनलाइन झाले आणि ती घरी आली. आता उन्हाळ्याची सुट्टी संपली की तिला परत पाठवायचे, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात बदली घ्यायची, की हे सगळे सोडून इथेच काही वेगळे शिकायचे? वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, आई शिवणकाम करते, घरची थोडी कोरडवाहू जमीन. मुलगी अकरावी-बारावीला लातूरला माझ्या वर्गात जीवशास्त्र शिकली होती, म्हणून ते माझ्याकडे आले. घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील गाळून मी हे प्रकरण लिहितो आहे. आमच्या भागात दर वर्षी अनेक घरांत हाच विचार चालू असतो आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धवट माहितीवर चालतो, याचे मला फार वाईट वाटते.

आधी ती तिथे गेली कशी, ते सांगतो. २०२२ च्या नीटला साडेसतरा लाखांवर मुले बसली, त्यातली ९ लाख ९३ हजार पात्र ठरली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या आत होत्या. हिला चारशेच्या थोडे पुढे गुण. राज्यातली सरकारी सीट पाचशेच्या बरीच वर बंद झाली होती आणि खासगी महाविद्यालयाची फी शिक्षकाच्या पगाराला झेपणारी नव्हती. आणखी एक वर्ष रिपीट करायची तिची तयारी होती, पण एका कन्सल्टन्सीच्या माणसाने घरी येऊन सांगितले की पंचवीस लाखांत सगळे होते, शिकवणे इंग्रजीत आहे आणि ‘पाच वर्षांत मुलगी डॉक्टर’. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, शिक्षक पतपेढीचे कर्ज काढले. दिल्लीहून बिश्केक सरळ रेषेत चेन्नईपेक्षाही जवळ पडते आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. आईला या दोन गोष्टींचा मोठा धीर वाटला होता.

ती प्रत्यक्ष पोहोचली नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस. सत्र सप्टेंबरमध्येच सुरू झाले होते. भारतातले प्रवेश लांबतात, त्यामुळे अशा उशिराच्या तुकड्या नेहमीच जातात आणि त्यांना मागचा भाग घाईघाईने शिकवून पुढच्यांबरोबर जोडून घेतात. ही गोष्ट तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नाही. पुढे सगळे गणित तिथेच अडले.

आता मे महिन्याचे. १३ मे २०२४ ला बिश्केकमधल्या एका वसतिगृहापाशी काही स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिचा व्हिडिओ तीन-चार दिवसांनी पसरला आणि १७ मेच्या शुक्रवारी रात्री शेकडो तरुण रस्त्यावर उतरले. मूळ भांडणाशी भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी मुलांचा काही संबंध नव्हता. पण जमावाने दक्षिण आशियातल्या मुलांची वसतिगृहे आणि खोल्या शोधून काढल्या. त्याआधीचे काही महिने तिथल्या शिवणकारखान्यांत आणि घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामात आलेल्या दक्षिण आशियाई मजुरांबद्दल शहरात चिडचिड होतीच, तीही या निमित्ताने बाहेर आली. अनेक जण जखमी झाले. सकाळपर्यंत पोलिसांनी परिस्थिती आटोक्यात आणली. किर्गिझ मंत्रिमंडळाचे उपाध्यक्ष एदिल बायसालोव यांनी वसतिगृहात जाऊन मुलांची माफी मागितली. भारतीय दूतावासाने मुलांना खोलीबाहेर पडू नका असे सांगितले आणि पाकिस्तानने आपल्या मुलांसाठी खास विमाने पाठवली.

हिच्या खोलीत चौघी होत्या. त्यांनी दिवे घालवले, दोन खाटा ओढून दाराला लावल्या आणि मोबाइलचा उजेड दिसू नये म्हणून रजईखाली बसून राहिल्या. खालच्या मजल्यावर काचा फुटल्या, दार वाजवले गेले, पण त्यांच्या मजल्यापर्यंत कुणी आले नाही. वडिलांना तिने रात्री काहीच कळवले नाही. सकाळी टीव्हीवर बातमी पाहून त्यांनीच फोन केला. तिकिटे महाग झाली होती. जूनच्या सुरुवातीला ती दिल्लीमार्गे हैदराबादला उतरली आणि तिथून घरी आली.

घरात तीन मते होती. आई म्हणाली, शिक्षण गेले खड्ड्यात, पोरगी डोळ्यांसमोर राहू दे. पुण्यात नोकरीला असलेले मामा बदलीच्या बाजूचे होते. त्याच कन्सल्टन्सीने त्यांना फोन करून सांगितले होते की कझाकस्तान किंवा जॉर्जियात थेट तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर करून देतो, वर्ष वाया जाणार नाही, फक्त प्रक्रियेचे दोन लाख आणि फीमधला फरक भरा. वडिलांना काही सुचत नव्हते. मुलगी गप्प होती.

मामांचा मार्ग वरवर सगळ्यात शहाणा दिसतो, म्हणून आम्ही तोच आधी तपासला. परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्याला भारतात व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे विनियम लागू होतात. त्या तारखेनंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहेत. दस्तऐवज मोजक्या पानांचा आहे आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी हवे. पदवीनंतर त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता हवी. सगळे दहा वर्षांच्या आत झाले पाहिजे. आणि मामांच्या मार्गाला थेट आडवी येणारी अट अशी की संपूर्ण अभ्यासक्रम, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत झालेली असली पाहिजे. त्यातला कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात झालेला चालत नाही.

म्हणजे दोन वर्षे बिश्केकला आणि पुढची जॉर्जियात, अशी पदवी हातात आली तरी भारतात नोंदणी होणार नाही. मी ते कलम मामांना फोनवर वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे, युक्रेनच्या मुलांना तर दुसरीकडे जाता आले. खरे आहे. युद्धानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने युक्रेनच्या विद्यार्थ्यांना इतर देशांत शिकण्याची खास मोकळीक दिली होती. पण ती त्या एका देशापुरती होती आणि पदवी मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच राहणार होती. तिच्या जोरावर किर्गिझस्तानातून बदली मागता येत नव्हती. २०२१ पूर्वी गेलेल्यांच्या अशा बदल्या खपून गेल्या होत्या. एजंट आजही ती जुनी उदाहरणे देतात आणि पालकांना ती पटतात, कारण समोर एखादा खरोखरचा डॉक्टर उभा केलेला असतो. ही सरकारी तरतूद न सांगता दोन लाख मागणाऱ्या माणसाला मी तरी निष्काळजी म्हणणार नाही. त्याला सगळे माहीत असते.

बदली बाद झाली. राहिले दोन मार्ग: सोडणे किंवा परत जाणे.

सोडण्याचा हिशेब वडिलांनी स्वतः मांडला. दोन वर्षांत साडेनऊ लाख गेले होते. पुन्हा नीट द्यायची, तर दोन वर्षे बारावीच्या अभ्यासापासून दूर राहिलेल्या मुलीला साडेपाचशेच्या पुढे जावे लागणार. बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंगचा विचार मी मनापासून करायला सांगितला. दोन्ही चांगली शिक्षणे आहेत आणि एमबीबीएस हुकले म्हणजे मुलगी वाया गेली, हा आमच्याकडचा समज मुलांच्या जिवावर उठतो. पण गेलेल्या पैशांकडे बघून परत पाठवू नका, हेही मी त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितले. ते पैसे परत येणार नाहीत, मुलगी कुठेही शिकली तरी. पुढचे पंधरा-सोळा लाख आणि पुढची पाच-सहा वर्षे कशावर खर्च करायची, एवढाच प्रश्न उरतो.

आणि मग मी विचारले, तिचे काय म्हणणे आहे? तोवर हे कुणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, “पप्पा, मला जायचंय. पण मागच्या वेळेसारखं नाही. या वेळी सगळं माहीत करून जायचंय.”

मग तिचा पासपोर्ट आणि विद्यापीठाचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवले. प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाची सुरुवात १ सप्टेंबर २०२२. पासपोर्टवर बिश्केकच्या मानस विमानतळाचा प्रवेशाचा शिक्का नोव्हेंबरअखेरचा. भारतात नोंदणीच्या वेळी पासपोर्टची सगळी पाने मागतात आणि शिक्के पाहतात, त्यामुळे धरायचा तो शिक्काच. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीपासून ५४ महिने मोजले की मे २०२७ ची अखेर येते. विद्यापीठाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम जून २०२७ मध्ये संपणार. म्हणजे हाताशी जेमतेम महिनाभर. आणि मे-जून २०२४ चे वर्ग तर ऑनलाइन झालेले. ते धरले नाहीत तर ५४ महिने भरतच नाहीत.

ही भीती हवेतली नव्हती. करोनाच्या आणि युक्रेनच्या काळात ऑनलाइन शिकलेल्यांबाबत आयोगाने एकामागून एक सूचना काढल्या. ऑनलाइन भागाची प्रत्यक्ष वर्गांनी पुरेशी भरपाई झालेली नसेल तर भारतातली इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन, काहींना तीन वर्षे करावी लागली. ती मुले पदव्या हातात घेऊन राज्य वैद्यकीय परिषदांच्या दारात खेटे घालत होती. माझा एक जुना विद्यार्थी त्यातच होता. त्याची दोन वर्षे कशी गेली ते मी पाहिले आहे.

म्हणून परत जाण्याचा मार्ग पक्का करताना पहिली अट हीच ठरली: विद्यापीठाने मे-जूनच्या प्रात्यक्षिकांची भरपाई प्रत्यक्ष वर्गांत करून द्यावी आणि तसे लेखी द्यावे. तिने स्वतः अधिष्ठाता कार्यालयाला अर्ज पाठवला. पहिल्याला उत्तर नाही. मग वर्गातल्या इतर भारतीय मुलांना जोडून घेऊन एकत्र अर्ज केला, तेव्हा ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचे प्रात्यक्षिक वर्ग ठेवण्यात आले. शिक्क्यानिशी पत्र मिळाले. रशियनमधून इंग्रजी भाषांतर करून, दोन्ही प्रती फाइलला लावून ठेवल्या. एकट्या मुलाच्या अर्जाची कुठेच दाद लागत नाही, चाळीस जणांच्या सह्या असल्या की लागते. पालकांनी आपापले व्हॉट्सअ‍ॅप गट हळद-सोयाबीनच्या भावापेक्षा या कामाला वापरावेत, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट भाषेची. तास इंग्रजीत होतात, पण रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतो. तिसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू होतात आणि तिथे इंग्रजीचा काडीचा उपयोग नाही. हिने पहिली दोन वर्षे रशियनचा पेपर पाठांतरावर काढला होता. जून-जुलैत घरी बसून तिने वहीत प्रश्न उतरवले: श्तो वास बेस्पकोइत, म्हणजे काय त्रास होतो, ग्द्ये बलीत, कुठे दुखते, कधीपासून, ताप किती, लघवीला जळजळ आहे का. उत्तर ऐकून समजणे त्याहून अवघड. आजी-आजोबा भराभर बोलतात, किर्गिझ आणि रशियन मिसळून बोलतात. ज्या मुलाला हे जमत नाही, तो वॉर्डात भिंतीला टेकून उभा राहतो आणि केस पेपर मित्राकडून उतरवून घेतो. पाच वर्षे अशी काढलेला डॉक्टर पुढे आपल्याच ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटा असतो. परदेशी शिक्षणाच्या दर्जाबद्दल जे बोलले जाते, त्यातला फार मोठा भाग या एका गोष्टीत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एफएमजीईबद्दल थोडक्यात. भारतात नोंदणी हवी असलेल्या परदेशी पदवीधरांसाठीची ही चाळणी परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. गेल्या काही वर्षांत बहुतेक सत्रांचा निकाल दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. कन्सल्टन्सीच्या पत्रकावर हा आकडा कधीच नसतो. तयारी शेवटच्या वर्षी करायची म्हटली तर शरीररचना आणि जीवरसायन पार विसरलेले असते. म्हणून तिने तिसऱ्या वर्षापासूनच आपल्याकडच्या एमबीबीएसची पुस्तके धरली. हे मी सांगितलेले नाही. तिच्या वरच्या वर्गातल्या, दोनदा नापास झालेल्या एका ताईने तिला बजावले होते.

सुरक्षेचे काय, हा आईचा प्रश्न होता आणि त्याला कागदाने उत्तर देता येत नाही. जे करता येण्याजोगे होते ते केले. बाहेरची खोली न घेता विद्यापीठाच्या आवारातले वसतिगृह, दूतावासाकडे नोंदणी, अंधार पडल्यावर बाहेर पडायचे नाही, बाजारात जायचे तर गटाने. ओश बाजारात भाजी घ्यायला आता ती आणि तिच्या मैत्रिणी सकाळीच जातात. तिथे परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात ज्या बेकरीतून त्या रोटी घेत, तिथल्या बाईंनी हिला जवळ घेतले आणि पैसे घेतले नाहीत, हे तिने आईला फोनवर सांगितले. आईचा जीव त्या एका गोष्टीने जितका खाली पडला, तितका माझ्या कुठल्याही मुद्द्याने पडला नव्हता. तरी धोका संपला, असे मी त्यांना कधीही सांगितले नाही. अशी रात्र पुन्हा येऊ शकते. घरात दिल्लीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत, ते कशालाही मोडायचे नाहीत असे ठरले आहे.

आणि ‘पाच वर्षांत डॉक्टर’ याचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे, कारण या घराला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसला. जून २०२७ पर्यंत अभ्यासक्रम. तिथली १२ महिन्यांची इंटर्नशिप, २०२८ चा मध्य. डिसेंबर २०२८ ला एफएमजीई, तीही पहिल्या प्रयत्नात सुटली असे धरून. मग भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्यासाठीही रांग असते, कारण महाविद्यालयांत परदेशी पदवीधरांसाठी ठेवलेल्या जागा साडेसात टक्क्यांपुरत्या आहेत. २०३० उजाडते. वडील २०२९ मध्ये निवृत्त होतात. हे गणित मी फळ्यावर लिहिले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की पतपेढीचा हप्ता निवृत्तीनंतर किती वर्षे चालेल. तो २०३१ पर्यंत आहे. हे २०२२ मध्ये त्यांच्यासमोर कुणी मांडले असते, तर कदाचित त्यांनी मुलीला आणखी एक वर्ष लातूरला बसवले असते. त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

ऑगस्ट २०२४ मध्ये ती परत गेली. तिसरे वर्ष पार पडले. पहिल्या हिवाळ्यासारखाच याही हिवाळ्यात कोळशाच्या धुराने खोकला धरला, मानस विमानतळाकडून येणारा रस्ता दुपारीही धूसर दिसे, पण वॉर्डात ती आता स्वतः रुग्णाची हिस्टरी घेते आणि वर्गातल्या इतरांनाही भाषेत मदत करते. अभ्यासात तिच्याबद्दल मला काळजी नाही.

काळजी आहे ती विनियमातल्या व्यवसायपात्रतेच्या अटीची. पदवीनंतर किर्गिझस्तानात स्थानिक नागरिकाप्रमाणे व्यवसाय करण्यास ही विद्यार्थिनी पात्र असेल आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप अभ्यासक्रमाच्या वर, याच संस्थेत मिळेल, असे स्पष्ट लेखी उत्तर विद्यापीठाकडे मागितले होते. उत्तर आले, त्यात महिन्यांचा हिशेब व्यवस्थित आहे, पण या दोन प्रश्नांवर ‘नियमानुसार’ एवढेच लिहिले आहे. ‘नियमानुसार’ या उत्तरावर कुठलीही परिषद नोंदणी करत नाही. वडिलांनी पुन्हा पत्र पाठवले आहे, या वेळी दूतावासाला प्रत जोडून आणि वर्गातल्या इतर पालकांच्या सह्यांसह. उत्तर हातात पडेपर्यंत पाचव्या वर्षाची फी रोखून धरा, असे मी त्यांना सांगितले आहे. मुलीचेही म्हणणे तेच आहे.